सप्टेंबरातल्या रिकाम्या बरण्या

सप्टेंबरात आमच्या गावात कुणाकडे रिकामी बरणी मागून बघा. मीठ मिळेल, सरपण मिळेल, फारच नड असेल तर नवराही चार दिवस उसना मिळेल, पण बरणी मिळणार नाही. वर्षभर जपलेल्या काचेच्या बरण्या तेव्हा परसातल्या कोठीत धुऊन-पुसून पालथ्या घातलेल्या असतात. भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांचा ऐवार, म्हणजे आमची घट्ट चटणी, घोटून तयार झाला की तो कढत कढत त्यांत भरायचा आणि मग सगळी थंडी त्याच्यावर काढायची. माझ्याकडच्या कित्येक बरण्या सासूच्या काळातल्या आहेत. सासू गेली, सासूचा लेकही गेला, बरण्या टिकल्या. देवाने माणसंही तशीच जाड काचेची करायला हवी होती.

आता सगळं निस्तरलंय म्हणून मी हसत सांगतेय. त्या शनिवारी दुपारी कुणी मला हसायला सांगितलं असतं तर हातातला दांडा त्याच्या डोक्यात घातला असता.

कालिना माझी नात, आठ वर्षांची. माझी लेक बिल्याना आणि जावई ऑस्ट्रियात ग्राझला कामाला गेले, तेव्हा "जम बसला की लगेच नेतो" म्हणून पोरीला माझ्यापाशी ठेवून गेले. जम काही लगेच बसत नाही. इकडे पोरीने बोलणंच टाकलं. "हो", "नको", "झोपते", एवढ्यावर तिचा दिवस भागायचा. आईचा फोन आला तरी तेच. मी जन्माची बडबडी, पण भिंतींशी किती बोलणार? शाळेत आधीचे मास्तर तिला मागच्या बाकावर बसवायचे आणि विसरून जायचे. "गरीब पोर आहे, अजिबात त्रास नाही," म्हणायचे. मला मेलीला तो त्रास हवा होता.

मग इस्क्राबाई आली. बेलग्रेडची, पाचव्या मजल्यावर वाढलेली, कोंबडी आणि बदक लांबून सारखेच दिसतात म्हणणारी. आल्या आल्या तिने पोरांना कचऱ्याचं वेड लावलं. वर्गाचे दोन संघ केले, हिरवे आणि पिवळे. डोळ्यांना रुमाल बांधायचा, बाईने पाठीमागे चमच्याने काहीतरी वाजवायचं आणि पोरांनी ओळखायचं, पत्रा आहे, काच आहे, पुठ्ठा आहे की प्लास्टिक. ओळखलं की ते घेऊन धावत सुटायचं आणि ज्याच्या-त्याच्या पिंपात टाकायचं. जुन्या डब्यांचे बाहुले केले, दुधाच्या खोक्यांची आगगाडी केली. गावातले बाप्ये दुकानापुढच्या बाकावर बसून हसायचे, "पगार घेऊन पोरांना उकिरडा फुंकायला शिकवते."

मलाही आधी हसूच आलं. बाई म्हणाली म्हणे, "मुलांनो, वस्तू एकदा वापरून फेकायची नसते." हे तर माझी सासू चपलेने शिकवायची, त्याला बेलग्रेडहून बाई कशाला?

पण एका संध्याकाळी कालिना घरात शिरली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "आजी, डोळे मीट."

मी मिटले. टिंग झालं.

"काय आहे सांग."

"ग्लास."

"चूक! बरणी. ग्लास बारीक वाजतो, तुला एवढंही कळत नाही?"

आणि ती हसली. मी चुलीकडे तोंड फिरवून डोळे पुसले. त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं की ही बाई या गावात टिकली पाहिजे. आमची शाळा म्हणजे शहरातल्या मोठ्या शाळेची शेपटी. हेडसर तिकडे बसतात, आणि इथून एखादी तक्रार गेली की चौकशीची दगदग नको म्हणून सरळ मास्तरच बदलून टाकतात. आधीचे तसेच गेले. हिला मी जाऊ देणार नव्हते.

तर या बाईने काच-दिवस जाहीर केला. शुक्रवारी प्रत्येकाने घरात रिकामी पडलेली काच आणायची. ज्या संघाची काच जास्त, त्याने सोमवारी नगरपालिकेच्या माणसांपुढे काचेवर गाणं वाजवायचं. मग गाडी येणार आणि सगळी काच वितळवायला घेऊन जाणार. आता रिकामी पडलेली काच म्हटली की बेलग्रेडच्या पोराला अत्तराची बाटली आठवते. आमच्या पोरांनी आपापल्या कोठीत डोकावलं, तर रिकामी काच छतापर्यंत रचलेली.

शुक्रवारी मी बाजारात मिरच्या निवडत होते. एकेक मिरची हातात घेऊन, दाबून, देठ बघून. त्या कामात मला जगाचं भान नसतं. तेवढ्या वेळात माझी ती गरीब, अजिबात त्रास न देणारी नात हातगाडी काढून कोठीला गेली आणि हिरव्यांचं पारडं जड करून आली. ते बघून पिवळे घरी पळाले. मग उरलेले हिरवे पळाले. आणि सगळ्यांच्या आज्या माझ्या शेजारी, बाजारात, देठ बघतायत!

परतताना शाळेकडून काच फुटल्याचा आवाज येत होता आणि पोरांचा दंगा चाललेला. माझी शेजारीण स्लावुन्का सोबत होती. ती म्हणाली, "ऐक गं पेर्सा, सरकारी खिडक्या फुटतायत वाटतं." आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसा, बायांनो, हसा.

शनिवारी अंगणाअंगणातून धूर निघत होता. मिरच्या भाजल्या, घाम सुटायला पिशव्यांत बांधून ठेवल्या, सोलल्या, वाटल्या. कालिना सकाळीच "तालीम आहे" म्हणून शाळेत पळाली होती. सोलायची टाळाटाळ, दुसरं काय, असं मनात आलं, पण जाऊ दिली. दुपारी पातेल्यातला ऐवार अगदी रंगात आला. लाकडी दांडा ओढला की तळ दिसावा आणि तो मिटायला वेळ लागावा, असा. आता तो थांबत नाही. लगेच भरला नाही तर खालून लागतो आणि सगळी मेहनत मातीत. "स्लावुन्का, ढवळत राहा," म्हटलं आणि बरण्या आणायला कोठीचं दार उघडलं.

कोठीत एक झाडू होता. आणि उंदराचा सापळा.

आधी वाटलं, चोर. पण कुठला चोर दाराबाहेरचं कोबीच्या लोणच्याचं पिंप सोडून रिकाम्या बरण्या नेईल? मग दारातल्या मातीत हातगाडीच्या चाकाचा माग दिसला, आणि त्याच्याशेजारी कालिनाच्या लहान बुटांचे ठसे.

"स्लावुन्का, तुझ्या बरण्या आण आधी, बाकीचं मग बघू," मी ओरडले. ती धावत गेली आणि मोकळ्या हाताने परत आली. तोंड पिठासारखं पांढरं. तिचीही कोठी साफ. आम्ही ल्युबिंकाकडे गेलो. ल्युबिंका आमच्यात सगळ्यांत वडील, तिच्याकडे तर तीन सुनांच्या बरण्या असतात. तिथेही झाडू. गावभर चुलीवर ऐवार फदफदतोय आणि गावात एक बरणी नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

ल्युबिंकाचा नातू तेवढा घरी सापडला, ताप होता म्हणून. त्याने पांघरुणातूनच सांगितलं, "काच-दिवस होता ना. बाईंनी काच आणायला सांगितली."

"आणि काल ते फुटल्याचे आवाज?"

"आम्ही पिंपात फोडली. सगळ्यांना चष्मे होते. लई मज्जा आली."

स्लावुन्काने तिथल्या तिथे फोन काढला आणि हेडसरांना लावला. "अहो, तुमची बाई पोरांकडून चोऱ्या करवते! आम्हांला नको ती! आजच्या आज उचला!" पलीकडचं काही ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "बघतो म्हणाले. संध्याकाळपर्यंत उलट फोन करतो म्हणाले. चला आता शाळेत. पेर्सा, तू पुढे हो. तुझ्यासारखी जीभ कुणाला नाही."

बरण्यांसाठी माझा जीव जळत होता, खोटं कशाला बोलू? पण बाई गेली तर? पोर पुन्हा मागच्या बाकावर. पुन्हा "हो", "नको", "झोपते". पातेली आम्ही गल्लीतल्या म्हाताऱ्या पुरुषांच्या हवाली केली, "हात थांबला तर हिवाळाभर उपाशी राहाल" अशी तंबी दिली आणि निघालो, वाटेत कोठी रिकामी सापडलेल्या बाकीच्या बायकाही येऊन मिळाल्या. हातात दांडा घेऊन मी सगळ्यांच्या पुढे चालत होते आणि मनात म्हणत होते, देवा, शाळा जरा लांब कर.

शाळेच्या फाटकात लोखंडी पिंप होतं, काठोकाठ फुटक्या काचेने भरलेलं. ल्युबिंकाने मढं बघितल्यासारखा छातीवर क्रूस काढला. तेवढ्यात बाई बाहेर आली. हातात लाकडी चमचा, डोक्यावर तो चष्मा, तोंडभर हसू.

"अय्या, तुम्ही तालीम ऐकायला आलात!"

"तालीम?" स्लावुन्का किंचाळली. "माझी सगळी थंडी फोडून पिंपात भरलीस आणि वर तालीम?"

"मी तर फक्त रिकामी काच..."

"रिकामीच असणार! भरायची होती म्हणून रिकामी होती!"

"चुलीवर ऐवार आहे, तो काय आता टोपीत भरू?" ल्युबिंका म्हणाली. "तुझ्या आईने कधी ऐवार घातला होता का गं?"

"आम्ही विकत आणतो," बाई म्हणाली. बिचारी खरं बोलली. ते ऐकून बायका आणखीनच पिसाळल्या. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, कोण काय बोलतंय ते कळेना. बाईचं हसू कधीच गेलं होतं. ती माझ्याकडे वळली. "पेर्साआजी, तुम्ही तरी सांगा, मी नक्की काय केलं?"

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक नाही.

"ओरडू नका तिच्यावर!"

आवाज शाळेच्या मागून आला. मी ओळखला नाही. कुणाची ही मोठ्या आवाजाची कार्टी, असं मनात येतंय तोवर कोपऱ्यावरून कालिना धावत आली. नाक वाहतंय, मुठी वळलेल्या.

"बाईंनी बरण्या नव्हत्या सांगितल्या! मी आणल्या! बाईंनी विचारलं, घरी चालतं ना, तर मी म्हटलं चालतं! मी खोटं बोलले! आम्हांला जिंकायचं होतं! आणि एकसुद्धा फुटलेली नाही! त्या पिंपात शेतकी सोसायटीच्या पडक्या गोदामाच्या खिडक्यांच्या काचा आहेत! मागे जाऊन बघायचं ना आधी! नुसता आरडाओरडा, नुसता आरडाओरडा!"

जी पोर दुकानात मीठ मागायला लाजायची ती भर दुपारी सगळ्या गावाला झापत होती. माझ्या हातातला दांडा गळून पडला. खरं सांगते, बरण्या सगळ्याच्या सगळ्या फुटल्या असत्या तरी त्या घटकेला मला चाललं असतं. मी तिला उराशी धरलं.

"ओरड, बाळा," मी म्हटलं. "आणखी ओरड."

"संपलं," ती म्हणाली आणि माझ्या ॲप्रनला नाक पुसलं.

शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बरण्या उभ्या होत्या. खालपासून वरपर्यंत, रांगेत, स्वच्छ धुतलेल्या. कुणात थोडं पाणी, कुणात जास्त, कुणात बिटाचा रस घालून लाल केलेलं. बाकीची पोरं भिंतीला चिकटून उभी होती, जणू त्यांना आता गोळ्या घालणार. माझा जीव भांड्यात पडला. मोठ्या आवाजाने सुस्कारा सोडला मी, आणि मागून बायकांचाही तसाच आला.

"ती माझी! ती बुडाशी बुडबुडा असलेली!" स्लावुन्का पुढे धावली.

"हात लावू नका, सूर बिघडेल," एक पिवळा म्हणाला, आणि लगेच त्याने आजीच्या मागे न जाता बाईच्या मागे आसरा घेतला.

"वाजवा तर खरं," मी म्हटलं. "आमच्याच बरण्या आहेत, आम्हांला फुकट ऐकवा." पोरांनी वाजवलं. लग्नात फेर धरून नाचतात ते कोलो होतं, दोन ठिकाणी चुकलं, पण ल्युबिंकाचा पाय हललाच. सोमवारी नगरपालिकेच्या माणसांपुढे बाटल्या वाजवायच्या, हे तिथल्या तिथे ठरलं. बाटल्या गावात हव्या तितक्या आहेत, आमच्या पुरुषांची कृपा.

पण सुख कधी अख्खं मिळतं का? "आणि झाकणं?" स्लावुन्काने विचारलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकाने दोरीला ओवलेला खुळखुळा पुढे केला. दुसऱ्याने दुसरा. प्रत्येक झाकणाला मधोमध खिळ्याने भोक पाडलेलं. मोजक्याच पोरांनी केले असते तर वेगळं, पण इस्क्राबाईच्या वर्गात सगळेच मेहनती.

बाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आता पुन्हा पेटतात बायका. पण ल्युबिंकाने ते भोकाचं झाकण डोळ्याला लावून आमच्याकडे बघितलं आणि ती हसायला लागली.

"माझं लग्न झालं तेव्हा कुठे होती झाकणं? वरून तेल ओतायचं, भट्टीत साय धरू द्यायची, जिलेटीनचा कागद लावून दोऱ्याने आवळायचं. खाल्ला नव्हता का आपण तो ऐवार? मेलो का?"

"कागद कुठे मिळेल?" बाईने विचारलं.

"तिहोमिरच्या दुकानात, खालच्या फळीवर. कुणी घेत नाही म्हणून शिव्या देत असतो."

बाई तिच्या डबड्या गाडीतून अशी सुटली की वाटेतल्या कोंबड्या झाडावर चढल्या. आम्ही पाणी ओतून बरण्या हातगाड्यांवर रचल्या. पोरं पुढे, आम्ही मागे. बरण्या पुन्हा विसळल्या, भट्टीत तापवल्या. पातेल्याशी बसवलेल्या म्हाताऱ्यांचे दंड भरून आले होते, पण एकाने हात थांबवला नव्हता. माझा ऐवार तळाला जरासा लागला होता. त्याला छान वास येतो, मी सगळ्यांना सांगितलं, आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा माझ्या अंगणात आम्ही भरत होतो. ल्युबिंका कागद आवळत होती. स्लावुन्काच्या मिरच्यांची एक पिशवी उरली होती, ती सोलायला बाईला बसवलं होतं. आणि स्लावुन्काचा फोन वाजला.

तिने नाव बघितलं आणि फोन निखारा असल्यासारखा माझ्या हातात कोंबला. बाईला काही सांगावं लागलं नाही. तिचे हात मिरचीवरच थांबले. कालिनाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड मिटलेलं. ते मिटलेलं तोंड मला चांगलं ओळखीचं होतं.

"कोण बोलतंय?" हेडसर म्हणाले.

"पेर्सिदा. कालिनाची आजी."

पलीकडे त्यांनी घसा खाकरला. त्यांना माझा अनुभव आहे. "त्या बाईबद्दल तक्रार आली होती. सोमवारी मी दुसरा माणूस पाठवतो."

"तक्रार आहेच," मी म्हटलं. "तुमच्या बाईला मिरची सोलता येत नाही. सालाबरोबर अर्धी मिरची घालवते."

"आणि ते चोरीचं काय?"

"कसली चोरी? पोरांनी आमच्या बरण्या धुऊन दिल्या, चकचकीत."

"मघाशी तर कुणी बाई ओरडत होत्या."

"त्या ओरडत नव्हत्या. स्लावुन्काचा आवाजच तसा आहे."

स्लावुन्काने मला कोपर मारलं.

"म्हणजे बदली नको?" हेडसरांनी विचारलं.

"हेडसर, नीट ऐका. त्या बाईला इथून हलवलंत, तर पुढची तक्रार तुमची असेल आणि ती सांगायला मी स्वतः येईन."

"नको, नको, तुम्ही कशाला त्रास घेता," ते घाईघाईने म्हणाले. "राहू दे तिला. बरी आहे बाई."

फोन ठेवला. मिरच्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसले. बाई रडत होती. स्लावुन्काने पावाच्या तुकड्यावर कढत ऐवार थापला आणि तिच्या तोंडात कोंबला. "खा. विकतचं खाऊन खाऊन वाळलीयस." एवढीच काय ती तिची माफी. बाई रडत रडत चावत होती, तोंड भाजलं तरी थुंकली नाही. मीही एक तुकडा घेतला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे तेव्हा कुठे आठवलं.

कालिना बाईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या हातातली मिरची ओढून घेतली.

"असं नाही हो, बाई! शेंड्याकडून धरायची! देठाकडून नाही, शेंड्याकडून! आजी, बघ ना, ही पुन्हा तसंच करतेय! आजी, सांग ना हिला!"

आवाज पार चर्चपर्यंत जात होता. रस्त्याने जाणारे थांबून बघायला लागले. मी काही तिला हळू बोल म्हटलं नाही.